वर्गातील उजेड आणि मुलांची दृष्टी

शाळा निवडताना पालक निकाल पाहतात, शुल्क पाहतात, घरापासूनचे अंतर पाहतात. वर्गाला खिडक्या किती आहेत, त्या कोणत्या दिशेला उघडतात आणि शेवटच्या बाकापर्यंत उजेड पोहोचतो की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक डोळ्यांची वाढ ज्या वयात होत असते, नेमक्या त्याच वयात मूल दिवसाचे पाच-सहा तास वर्गात बसलेले असते. वर्गात येणाऱ्या सूर्यप्रकाशाचे महत्त्व वही-पुस्तकातील अक्षरे दिसण्यापुरते मर्यादित नाही. नेत्रगोलाची वाढ, झोपेचे चक्र, दिवसभराची तरतरी आणि अभ्यासातील लक्ष या सर्वांशी प्रकाशाचा संबंध असल्याचे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. वर्गातील उजेडाकडून कोणत्या अपेक्षा ठेवाव्यात आणि कोणत्या ठेवू नयेत, हेही याच संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

उजेडाचे मोजमाप

एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो, हे ‘लक्स’ या एककात मोजतात. निरभ्र आकाशाखाली भर दुपारी ही मात्रा १ लाख लक्सच्या आसपास असते. ढगाळ दिवशी ती १० हजारांच्या घरात येते. झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स उजेड असतो. याउलट चांगल्या समजल्या जाणाऱ्या वर्गात बाकावर ३०० ते ५०० लक्स मिळतात आणि खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात, दिवे बंद असतील तर, अनेकदा १०० लक्सही मिळत नाहीत. हा प्रचंड फरक आपल्याला जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी करून आणि दृष्टिपटलाची संवेदनक्षमता बदलून डोळा कमी-अधिक प्रकाशाशी जुळवून घेतो. पटांगणातून वर्गात आलेल्या मुलाला काही मिनिटांत वर्ग पुरेसा उजळ वाटू लागतो. प्रत्यक्षात त्याच्या बाकावर पडणारा प्रकाश बाहेरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असू शकतो.

इमारतीच्या अंतर्भागातील नैसर्गिक उजेड ठरवण्यासाठी वास्तुविशारद ‘दिवसप्रकाश गुणांक’ वापरतात. बाहेर उपलब्ध असलेल्या आकाशप्रकाशाचा किती टक्के भाग खोलीतील एखाद्या जागी पोहोचतो, हे त्यावरून कळते. भारतीय मानकांत हिशेबासाठी बाहेरचा प्रकाश ८,००० लक्स धरला जातो. म्हणजे १ टक्का गुणांक असलेल्या जागी ८० लक्स उजेड असतो. नैसर्गिक प्रकाशयोजनेविषयीच्या ‘आयएस २४४०’ या मानकाने वर्गातील बाकांसाठी १.९ ते ३.८ टक्के गुणांक सुचवला आहे. त्याचा अर्थ साधारण १५० ते ३०० लक्स असा होतो.

एका बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड खोलीत फार आत जात नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितक्या उंचीवर असेल, त्याच्या सुमारे दीड ते अडीच पट अंतरापर्यंतच त्याचा उपयोग होतो, असा ठोकताळा आहे. सव्वादोन मीटर उंचीची खिडकी असलेल्या ६ मीटर खोल वर्गात भिंतीकडील शेवटच्या रांगेला उजेड अपुरा पडतो, त्याचे कारण हेच. एकाच वर्गात खिडकीजवळची मुले आणि भिंतीजवळची मुले अगदी वेगवेगळ्या प्रकाशात शिकत असतात.

दीडशे वर्षांपूर्वीचे सर्वेक्षण

शाळेतील उजेड आणि मुलांची दृष्टी यांचा संबंध शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न हर्मान कोन या नेत्रवैद्याने केला. त्या काळी प्रशियात असलेल्या ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे आणि आसपासच्या खेड्यांत, १८६०च्या दशकाच्या मध्यास त्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टिता, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, दीड टक्क्याहूनही कमी मुलांत होता. शहरातील प्राथमिक शाळांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के आणि विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या उच्च शाळांत सुमारे २६ टक्के होते. इयत्ता जसजशी वाढे, तसतसा चष्मा लागलेल्या मुलांचा वाटाही वाढत जाई. शाळा जितक्या अरुंद गल्लीत, समोरच्या इमारती जितक्या उंच आणि वर्ग जितका खालच्या मजल्यावर, तितका हा दोष अधिक, असेही निरीक्षण कोनने नोंदवले होते.

अंधाऱ्या वर्गात मुले पुस्तकावर वाकतात आणि त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. वर्गाच्या क्षेत्रफळाच्या किमान एक पंचमांश इतकी काच खिडक्यांना असावी, अशी मागणी त्याने केली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, हा नियमही त्याच काळात युरोपातील शाळांत रूढ झाला. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांच्या डाव्या हाताला प्रकाश, ही जुन्या शाळागृहांची ठेवण या विचारातून आली आहे. डावखुऱ्या मुलांची गैरसोय मात्र त्या नियमात गृहीतच धरलेली होती.

खुल्या शाळा आणि बंद वर्ग

विसाव्या शतकाच्या आरंभी सूर्यप्रकाशाचा आग्रह क्षयरोगाच्या भीतीने आणखी वाढला. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी रानातली शाळा सुरू झाली. १९३० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान डाइकर या वास्तुविशारदाने बांधलेली खुली शाळा तर जवळपास संपूर्ण काचेची होती. भारतात रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात सुरू केलेल्या शाळेचे वर्ग झाडाखाली भरत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग केला. या प्रयोगांमागे डोळ्यांच्या आरोग्याचा हेतू नव्हता. तरी त्या मुलांना दिवसभर मिळणारा उजेड आजच्या कोणत्याही वातानुकूलित वर्गापेक्षा कित्येक पटींनी अधिक होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ट्यूबलाइट स्वस्त झाल्या, वातानुकूलन आले आणि डोळ्यांच्या नंबराचे मूळ आनुवंशिकतेत आहे, असे मत बळावले. १९६० आणि १९७०च्या दशकांत अमेरिकेत खिडक्या नसलेल्या किंवा नावापुरत्या खिडक्या असलेल्या अनेक शाळा उभारण्यात आल्या. खिडक्यांमुळे लक्ष विचलित होते, ऊर्जा वाया जाते आणि काचा फुटतात, अशी कारणे दिली जात. उजेडाचा प्रश्न बटण दाबून सुटला, अशी तेव्हाची समजूत होती.

नंबर का लागतो

निकटदृष्टितेत दोष बहुधा डोळ्याच्या लांबीत असतो. जन्मानंतर नेत्रगोल वाढत जातो आणि बाहुलीमागील भिंगाने एकवटलेले किरण दृष्टिपटलावर नेमके पडतील इतका लांब झाल्यावर ही वाढ मंदावते. काही मुलांत मात्र ती थांबत नाही. नेत्रगोल गरजेपेक्षा लांबतो, दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते आणि फळ्यावरील अक्षरे धूसर दिसू लागतात. चष्म्याने प्रतिमा जागेवर आणता येते. लांबलेला नेत्रगोल मात्र पूर्ववत होत नाही. नंबर उणे ६ च्या पुढे गेला तर पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज यांचा धोका लक्षणीय वाढतो. म्हणूनच आठव्या वर्षी लागलेला चष्मा आणि सोळाव्या वर्षी लागलेला चष्मा यांत मोठा फरक आहे. लवकर सुरू झालेल्या दोषाला वाढायला अधिक वर्षे मिळतात.

पूर्व आशियात दोन-तीन पिढ्यांत या दोषाचे प्रमाण इतके वाढले, की केवळ आनुवंशिकतेने त्याचा उलगडा होणे अशक्य ठरले. आईवडिलांकडून आलेला कल असतोच, परंतु एवढ्या थोड्या काळात जनुके बदलत नाहीत. बदलते ती राहणी. संशोधकांचे लक्ष पुन्हा शाळेकडे आणि उजेडाकडे वळले.

मोकळ्या आकाशाचा पुरावा

ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या ६ ते ७ वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिडनीत ३.३ टक्के, तर सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता होती. वंश एक, वय एक. सिडनीतील मुले आठवड्याला अधिक पुस्तकेही वाचत होती. ठळक फरक होता घराबाहेर घालवलेल्या वेळेचा. सिडनीत तो आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास आणि सिंगापुरात सुमारे तीन तास होता.

त्यानंतर चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांसाठी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर ठेवण्यात आला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टितेने गाठले. तैवानने २०१० पासून प्राथमिक शाळांतील मुले रोज दोन तास उघड्यावर राहावीत, असे धोरण स्वीकारले. तेथे दृष्टी कमी असलेल्या प्राथमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण २००१ मधील ३४.८ टक्क्यांवरून २०११ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत चढले होते. त्यानंतर प्रथमच ते उतरले आणि २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले.

याच्या नेमके उलट चित्र करोनाच्या काळात दिसले. चीनच्या शानडोंग प्रांतातील शाळांतल्या तपासणीत २०१५ ते २०१९ या वर्षांत ६ वर्षांच्या मुलांमधील प्रमाण ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. काही महिने घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये ते २१.५ टक्के आढळले. तपासणी झटपट पद्धतीची होती आणि पडद्यासमोरील वेळही त्या काळात वाढला होता, हे लक्षात घेऊनही ही उडी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

उजेड नेमके काय करतो, याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण डोपामिन या रसायनाशी निगडित आहे. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन अधिक प्रमाणात स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला आवर घालते. कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत १५ हजार लक्सच्या प्रकाशाने कृत्रिमरीत्या निर्माण केलेली निकटदृष्टिता मंदावली. डोपामिनचे कार्य रोखणारे औषध दिल्यावर प्रकाशाचा हा लाभ नाहीसा झाला. ड जीवनसत्त्वाशी याचा संबंध असल्याचे सिद्ध झालेले नाही. शिवाय ते जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीची काच जवळपास पूर्ण अडवते. त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसून ते मिळत नाही.

या सर्व अभ्यासांतील एक मर्यादा पालकांनी ध्यानात ठेवायला हवी. उघड्यावरील वेळेचा उपयोग मुख्यतः नंबर लागण्यापूर्वी होतो. एकदा नंबर लागल्यावर त्याची वाढ केवळ खेळण्याने थांबते, असा भक्कम पुरावा नाही. अशा मुलांना नेत्रतज्ज्ञाच्या उपचारांची गरज असते.

खिडकीची मर्यादा आणि उपयोग

मग वर्गातील उजेडाचा डोळ्यांना काय लाभ? या प्रश्नावर पुरावा तुलनेने थोडा, पण बोलका आहे. ईशान्य चीनमधील चार शाळांत ३१७ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत दिवे बदलून बाकावरील उजेड सुमारे १०० लक्सवरून साडेपाचशे लक्सपर्यंत नेण्यात आला. वर्षभरात तेथे ४ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता झाली. जुन्याच उजेडात शिकणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. दक्षिण चीनमध्ये भिंती आणि छत काचेचे असलेला वर्गही बांधून पाहण्यात आला. उजेड अनेक पटींनी वाढला आणि मुलांना तो वर्ग आवडला, परंतु उष्णता आणि डोळे दिपणे या अडचणी समोर आल्या.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. अंधारा वर्ग उजळ करणे डोळ्यांच्या हिताचे आहे. मात्र कितीही मोठी खिडकी केली तरी वर्ग मैदानाची बरोबरी करू शकत नाही. कोनने शाळेच्या उजेडाकडे बोट दाखवले ते योग्यच होते. फक्त गरजेच्या उजेडाचा त्याचा अंदाज फार लहान होता. वहीतील अक्षर स्पष्ट दिसायला ३०० लक्स पुरतात, वाढत्या डोळ्याला मात्र त्याच्या कित्येक पट प्रकाश लागतो. तैवानमधील २०१८ च्या एका अभ्यासानुसार त्यासाठी रखरखीत उन्हाचीही गरज नाही. १,००० लक्सच्या वरचा, झाडाच्या सावलीत किंवा इमारतीच्या उघड्या कडेला मिळणारा उजेडही पुरेसा वेळ लाभला तर उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

‘कमी उजेडात वाचू नको, डोळे जातील’ हे घराघरांतले वाक्य या पार्श्वभूमीवर तपासून घ्यायला हवे. एखाद्या रात्री मंद दिव्याखाली वाचल्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. ताण येतो, डोके दुखते आणि विश्रांतीनंतर बरे वाटते. बालपणीची सलग वर्षे मंद उजेडात आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरून जाणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

झोप, तरतरी आणि अभ्यास

डोळ्याचे काम पाहण्यापुरतेच आहे, हा समज २००२ च्या सुमारास मागे पडला. दृष्टिपटलात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही खास पेशी असल्याचे आणि त्या पाहण्याखेरीज मेंदूतील कालचक्राला दिवस-रात्रीची खबर देत असल्याचे तेव्हा सिद्ध झाले. या पेशी निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. सकाळच्या आकाशप्रकाशात असा प्रकाश विपुल असतो. त्यामुळे झोप आणणारे मेलाटोनिन दिवसा दबलेले राहते आणि रात्री वेळेवर स्रवते. किशोरवयात हे चक्र मुळातच पुढे सरकलेले असते. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही तर ते आणखी लांबते. अमेरिकेत २०१० मध्ये आठवीच्या ११ विद्यार्थ्यांना पाच दिवस शाळेच्या वेळेत निळा प्रकाश गाळणारे चष्मे लावण्यात आले. त्यांचे मेलाटोनिन रात्री सुमारे अर्धा तास उशिरा स्रवू लागले. विद्यार्थी मोजकेच होते, परंतु दिशा स्पष्ट होती.

स्वीडनमध्ये १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वर्गांतील सुमारे ९० मुलांचे वर्षभर निरीक्षण करण्यात आले. काही वर्गांना खिडक्या होत्या, काहींना नव्हत्या. खिडकी नसलेल्या वर्गात मुलांच्या शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाचा ऋतूंनुसार होणारा चढउतार बिघडलेला आढळला. एकाग्रता आणि इतरांशी मिळून वागणे यांवरही त्याचा परिणाम होत असावा, असे संशोधकांचे मत पडले.

अभ्यासातील प्रगतीविषयीचे निष्कर्ष अधिक सावधपणे वाचावे लागतात. हेशाँग महोन या अमेरिकी संस्थेने १९९९ मध्ये तीन ठिकाणच्या २१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणांची छाननी केली. कॅलिफोर्नियातील कॅपिस्ट्रानो येथे सर्वाधिक नैसर्गिक उजेडाच्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती सर्वात कमी उजेडाच्या वर्गांपेक्षा गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने झाल्याचे आढळले. हे आकडे जगभर उद्धृत झाले. त्याच गटाने २००३ मध्ये फ्रेझ्नो येथे केलेल्या पुढील अभ्यासात मात्र केवळ उजेडाचा असा सरळ परिणाम पुन्हा दिसला नाही. खिडकीतून बाहेरचे चांगले दृश्य दिसणे लाभदायक ठरले, तर डोळे दिपवणारा प्रकाश आणि आवरता न येणारे ऊन हानिकारक ठरले. ब्रिटनमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने २७ शाळांतील १५३ वर्गांचा अभ्यास करून २०१५ मध्ये असाच कौल दिला. विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रगतीतील सुमारे १६ टक्के फरक वर्गाच्या भौतिक रचनेशी निगडित होता आणि त्यात प्रकाश हा प्रमुख घटकांपैकी एक होता.

उजेड हवा, तिरीप नको

याचा अर्थ मोठी खिडकी म्हणजे चांगली खिडकी, असे समीकरण मांडता येत नाही. बाकावर थेट पडणारी उन्हाची तिरीप, फळ्यावरची चकाकी आणि उजळ खिडकीला लागून लावलेला काळा फळा यांमुळे मुले डोळे बारीक करतात, मान वाकडी करतात आणि शेवटी शिक्षक पडदे ओढतात. एकदा ओढलेला पडदा बहुधा दिवसभर उघडला जात नाही.

आपल्याकडे उत्तर आणि दक्षिण या दिशा वर्गासाठी सोयीच्या आहेत. मुंबईच्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत किंचित उत्तरेकडे आणि उरलेले वर्षभर दक्षिणेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीतून त्यामुळे बहुतेक काळ सौम्य, एकसारखा उजेड मिळतो. दक्षिणेचे ऊन उंचावरून येत असल्याने साध्या छज्जाने अडते. पूर्व-पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे आत शिरते. सकाळच्या सत्रातील शाळेला पूर्वेच्या आणि दुपारच्या सत्राला पश्चिमेच्या खिडक्या त्रास देतात. तेथे उभ्या झडपा, जाळी किंवा झाडे यांचा उपयोग होतो. छताजवळचे झरोके उजेड खोलवर पोहोचवतात. पांढरे छत आणि फिकट भिंती तो वर्गभर पसरवतात. जुन्या शाळांतील व्हरांडा उजेड थोडा कमी करीत असला, तरी ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतो आणि दुसऱ्या बाजूनेही प्रकाश येऊ देतो. पावसाळ्यातील काळोख्या दुपारी दिवे लागणारच. ते भिंतीकडच्या रांगांसाठी स्वतंत्र बटणावर असले, तर खिडकीजवळचे दिवे विनाकारण जळत नाहीत.

शहरातील शाळांपुढील प्रश्न

महानगरांत शाळांना मिळणारी जागा आक्रसत आहे. शेजारच्या उंच इमारतींनी अडवलेले आकाश, दोन्ही बाजूंना वर्ग असलेले बंदिस्त बोळ, रस्त्याच्या गोंगाटामुळे आणि धुळीमुळे लावून घेतलेल्या खिडक्या, काचांवर चिकटवलेले कागद आणि प्रोजेक्टरवरील चित्र फिके दिसते म्हणून ओढलेले पडदे या सर्वांतून वर्गात नकळत संध्याकाळ होते. अरुंद गल्ल्यांविषयी ब्रेस्लाउमध्ये नोंदवलेले निरीक्षण आजच्या मुंबई-पुण्याला लागू पडावे, अशी ही स्थिती आहे.

देशातील आकडेवारीही निश्चिंत राहू देणारी नाही. दिल्लीतील ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निकटदृष्टितेचे प्रमाण ७.४ टक्के होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १० हजार शाळकरी मुलांच्या अभ्यासात ते १३.१ टक्के आढळले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही. तरी दुसऱ्या अभ्यासात रोज दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत हा दोष कमी होता, ही बाब जगभरच्या पुराव्याशी जुळते. पूर्व आशियाच्या तुलनेत हे प्रमाण अजून कमी आहे. आटोक्यात ठेवण्याची संधी म्हणूनच अद्याप हातात आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्ग, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि खेळाचे मैदान यांचा उल्लेख आहे. वर्गातील उजेड किती असावा, याचा मात्र त्यात निर्देश नाही. मानके आहेत, पण बाकावरील उजेड प्रत्यक्ष मोजून पाहिला जाण्याची उदाहरणे विरळच.

काय करता येईल

यातील बरेच उपाय खर्चाचे नाहीत. लक्समापक यंत्र किरकोळ किमतीत मिळते. शाळेने वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, प्रत्येक वर्गातील चारही कोपऱ्यांतील बाकांवर उजेड मोजावा. तो ३०० लक्सपेक्षा कमी असेल तेथे प्रथम काचा धुवाव्यात, खिडकीला टेकवलेली कपाटे हलवावीत, छताला पांढरा रंग द्यावा आणि मग दिव्यांचा विचार करावा. दिवे न लुकलुकणारे असावेत. फळ्यावर चकाकी येते का, हे शिक्षकाने मुलांच्या जागी बसून पाहावे. बसण्याच्या रांगा दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलल्या, तर भिंतीकडचा अंधार कायम एकाच मुलाच्या वाट्याला येत नाही. प्रोजेक्टरचा तास संपताच पडदे उघडण्याची जबाबदारी वर्गातील मुलांवरच सोपवता येते.

त्याहून महत्त्वाचे आहे वेळापत्रक. मधली सुटी वर्गातच डबा खाऊन संपवण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. तीच सुटी पटांगणात, झाडाखाली किंवा गच्चीवरच्या सावलीत झाली, तर मुलांना दिवसाकाठी मिळणारा प्रकाश अनेक पटींनी वाढतो. परिपाठ, कवितेचे पाठांतर, परिसर अभ्यासाचा एखादा तास उघड्यावर घेण्यास कोणतीही इमारत आड येत नाही. शाळेत एक तास आणि घरी आल्यावर एक तास, असे दोन तास भरले तरी पुष्कळ साधते. पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी याची निकड सर्वाधिक आहे, कारण नंबर लागण्याआधीचा हाच काळ असतो. कवायतीचा तास रद्द करून त्या जागी गणिताची जादा तासिका घेणाऱ्या शाळेने, आणि तसा आग्रह धरणाऱ्या पालकांनीही, त्याची किंमत मुलांच्या डोळ्यांना मोजावी लागू शकते, हे लक्षात घ्यायला हवे.

उजेड हा नेत्रतपासणीला पर्याय नाही. फळ्याजवळ जाऊन वाचणारे, डोळे बारीक करणारे किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल अनेकदा आळशी ठरवले जाते. प्रत्यक्षात त्याला दिसतच नसते. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांसाठी २०१३ पासून राबवल्या जात असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टिदोषांची तपासणीही समाविष्ट आहे. खासगी शाळांतील पालकांनी आपल्या पाल्याचे डोळे वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. आईवडील दोघांनाही लहानपणी चष्मा लागला असेल, तर ही तपासणी शाळाप्रवेशाबरोबरच सुरू करणे योग्य.

नव्या शाळेत प्रवेश घेताना पालकांनी दुपारी दोन वाजता एखादा वर्ग पाहण्याची विनंती करावी आणि दिवे बंद करायला सांगून भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर बसून पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचून पाहावे. ते सहज वाचता आले, तर तो वर्ग उजेडाच्या पहिल्या कसोटीला उतरला. त्यानंतर विचारायचा दुसरा प्रश्न असा, की दिवसभरात मुले त्या वर्गाबाहेर, आकाशाखाली, किती वेळ असतात.